गाडीची काच आणि तो एक मिनिट: नवीन गाडी घेतलेल्यांनी आधीच करून ठेवायची कामं

नवीन गाडी आली की आपण अंबाबाईला जातो, चाकाखाली लिंबू ठेवतो, पेढे वाटतो, सीट कव्हर मॅट म्युझिक सगळं एका आठवड्यात बसवून घेतो. पण दार उघडलं नाही तर कुठल्या खिडकीतनं बाहेर पडायचं हे कोण ठरवून ठेवत नाही. मीपण ठेवलं नव्हतं.

२०२१ च्या जुलैत कोल्हापुरात कसबा बावड्याकडनं शियेच्या बाजूला चाललो होतो, पाऊस धो धो, रस्त्यावर पाणी आलेलं दिसत होतं पण पुढचा टेम्पो गेला म्हणून मीपण गाडी घातली आणि मधोमध बंद पडली. पाणी फार नव्हतं, मांडीच्या खालीच असेल. पण मागं बायको आणि आई, आईनं दार ओढलं तर उघडेना, कारण पोरगी लहान असताना लावलेला चाइल्ड लॉक मी कधी काढलाच नव्हता. पॉवर विंडोचं बटन दाबलं तर मागची काच चार बोटं खाली येऊन थांबली. आई रडायला लागली. शेवटी माझ्या बाजूचं दार खांद्यानं रेटून उघडलं, मागं जाऊन बाहेरनं त्यांचं दार उघडलं, आणि पलीकडच्या दोन पोरांनी आईला हाताला धरून वर नेलं. काही झालं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण पाणी अजून दोन फूट असतं तर माझ्याकडं काच फोडायला काही नव्हतं, आणि कुठली काच फुटते हेपण माहीत नव्हतं.

त्यानंतर जे शिकलो ते लिहितोय. गाडी दारात उभी असेल तर वाचता वाचता करूनच बघा, एका तासाचं काम आहे.

पहिलं काम: काच वाचा

प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा शिक्का असतो, कंपनीचं नाव, आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा नंबर. त्यातच बहुतेक वेळा इंग्रजीत लॅमिनेटेड किंवा टेम्पर्ड नाहीतर टफन्ड असा शब्द असतो. आपल्याला तोच शब्द पाहिजे.

समोरची काच लॅमिनेटेडच असते. म्हणजे दोन काचा आणि त्यांच्या मधे प्लास्टिकचा चिवट पापुद्रा. दगड लागला तर जाळं पडतं पण काच जागेवर राहते, माणूस धडकला तरी बाहेर फेकला जात नाही. त्यासाठीच ती बनवलेली आहे, आणि म्हणूनच तिथनं बाहेर पडायचा विचार डोक्यातनं काढून टाका. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. ही काच साधारण सव्वासहाशे डिग्रीला तापवून एकदम हवेच्या झोतानं गार करतात, त्यामुळं वरचा थर आवळला जातो आणि आतला भाग ताणाखाली राहतो. वरचा थर एका टोकाएवढा जरी भेदला तरी तो सगळा ताण सुटतो आणि अख्खी काच खडीसाखरेसारखे दाणे होऊन खाली येते.

आता गोची अशी की काही नवीन महागड्या गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून पुढच्या दारांच्या काचापण लॅमिनेटेड येतात. सेल्समन ते सायलेंट केबिन म्हणून कौतुकानं सांगतो, पण त्या खिडकीतनं फोडून बाहेर पडता येणार नाही हे सांगत नाही. शिक्क्यावर शब्द नसेल तर काच अर्धी खाली घ्या आणि वरची कड बाजूनं बघा, लॅमिनेटेड असेल तर कडेला दोन थर आणि मधे बारीक रेघ दिसते. चारी दारं आणि मागची काच बघा, कुठली फुटणारी आहे ते एका कागदावर लिहून घरच्या सगळ्यांना दाखवा.

काच फुटते कशी, मी करून बघितलं

माझा एक मित्र उद्यमनगरात वर्कशॉप चालवतो. त्याच्या ओळखीनं भंगारवाल्याकडनं जुन्या गाडीची तीन दारं काचेसकट आणि एक समोरची काच आणली, डोळ्याला गॉगल हातात जाड हातमोजे घालून एक रविवार त्यातच घालवला. तुम्ही हे घरी करू नका, मी बघितलेलं सांगतो तेवढं पुरे.

पहिल्या दाराला काचेच्या मधोमध बुटानं लाथ, मग कोपरानं, मग पाण्याच्या स्टीलच्या बाटलीनं मारलं. काही नाही. काच वाकते आणि परत येते, मधे मारलं की ती झोका खाते. मोबाईलनं तर मोबाईलच फुटेल. मग तीच काच कोपऱ्यात, कडेपासून दोन-तीन बोटं आत, टोकदार हातोडीनं मारली आणि एका फटक्यात सगळी खाली. कोपऱ्यात काच वाकत नाही म्हणून सगळा जोर त्या एका टोकावर जातो.

दुसऱ्या दाराला हेडरेस्टचा प्रयोग केला. हेडरेस्टच्या दांड्या काच फोडण्यासाठीच दिलेल्या असतात असा मेसेज सगळ्यांनाच येतो, ते खरं नाही, त्या डोकं टेकवायच्या गादीची उंची कमीजास्त करायलाच असतात. दांडी काच आणि रबराच्या फटीत खुपसून पहारीसारखी ओढली तर काच फुटू शकते, आमची चौथ्या वेळेला फुटली, पण ते मोकळ्या अंगणात उभं राहून. गाडीत बेल्ट लावून, अंधारात, बटन दाबून हेडरेस्ट काढणं आणि तेवढी जागा मिळणं हे वेगळंच प्रकरण आहे. शिवाय कितीतरी लहान गाड्यांत हेडरेस्ट सीटमधेच शिवलेला असतो, निघतच नाही.

तिसऱ्या दाराला मुद्दाम काळी फिल्म लावली होती. काच फुटली, आवाज आला, पण दाणे फिल्मला चिकटून अख्खी चादर तशीच उभी. पायानं ढकलून ढकलून पाडावी लागली. मुलांना ऊन लागतं म्हणून आपण फिल्म लावतो ते समजतं, पण त्या चादरीला लाथा घालण्यात किती वेळ जातो ते मी बघितलंय. फिल्मचा कायद्याचा भाग वेगळा, पुढच्या आणि मागच्या काचेतनं ७० टक्के आणि बाजूच्यांतनं ५० टक्के उजेड आरपार जायला पाहिजे असा नियम आहे, सुप्रीम कोर्टानं २०१२ साली काळ्या फिल्मविरुद्ध निकालपण दिला. माझं म्हणणं एवढंच की कमीत कमी दोन खिडक्या तरी बिनफिल्मच्या ठेवा.

आणि समोरची काच? वीस घाव घातले. भुगा झाला, भोक पडलं, पण पापुद्रा फाटून माणूस जाईल एवढी वाट झाली नाही. हातोडी अडकून बसली.

दुसरं काम: हत्यार घ्या आणि हाताशी ठेवा

दोन प्रकार मिळतात. एक लाल किंवा केशरी टोकदार हातोडी, दुसरा स्प्रिंगचा पंच. माझं मत पंचाच्या बाजूनं आहे. लेथवर नाहीतर ड्रिलिंगवर काम करणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाला ऑटोमॅटिक सेंटर पंच काय ते सांगायला नको, जॉबवर खूण मारायला वापरतात तोच, टोक टेकवायचं आणि दाबायचं, आतली स्प्रिंग सुटते आणि फाटकन ठोका बसतो. गाडीसाठीचा छोटा पंच त्याच तत्त्वावर चालतो. हात मागं घेऊन जोर काढावा लागत नाही, त्यामुळं आजीलापण जमतो, आणि महत्त्वाचं म्हणजे पाण्याखाली चालतो. पाण्यात हातोडी फिरवून बघा, हात जडच होतो, ठोका बसतच नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१९ साली सहा हत्यारं तपासली होती, त्यात टफन्ड काच चारच हत्यारांनी फुटली, स्प्रिंगवाली हातोडीपेक्षा सरस ठरली, आणि लॅमिनेटेड काच एकानंही फुटली नाही. म्हणून आधी काच वाचा म्हटलं.

बेल्ट कापायचं पातं असलेला पंच घ्या. पातं खाचेच्या आत असतं त्यामुळं बोट कापत नाही, बेल्ट ताणून धरून तिरका ओढायचा.

आता ठेवायचा कुठं? डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही. गाडी पलटी झाली की तो कप्पा उघडून सामान कुठं जातं कळत नाही, आणि बेल्ट अडकला असेल तर हात तिथवर पोचतपण नाही. सीटवर बसा, बेल्ट लावा, डोळे मिटा आणि हात घाला. जिथं हात सहज पोचतो तिथंच बांधायचा, गिअरच्या बाजूला पट्टीनं किंवा दाराच्या कप्प्यात वेल्क्रोनं. किल्लीच्या जुडग्यातला पंचपण चांगला, फक्त बटनस्टार्ट गाडीत किल्ली खिशात असते हे लक्षात ठेवा. आणि मागच्या सीटसाठी वेगळा एक. दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे, मागच्यांनी पुढच्याची वाट बघत बसायची वेळ येऊ देऊ नका.

तिसरं काम: दारं आणि लॉक

इंजिन बंद करून सगळे आत बसा, सेंट्रल लॉक लावा आणि प्रत्येकानं आपापलं दार बटनाशिवाय आतनं हातानं उघडून बघायचं. काही गाड्यांत हँडल एकदा ओढलं की लॉक सुटतं आणि दुसऱ्यांदा ओढलं की दार उघडतं, काहींत खुंटी आधी ओढावी लागते. मागचं दार उघडून कडेला बघा, छोटा खटका असतो तो चाइल्ड लॉक. लहान पोर मागं बसत असेल तर राहू द्या, पण राहू दिलाय हे मागं बसणाऱ्या मोठ्या माणसाला सांगा, म्हणजे तो पुढच्या दोन सीटांच्या मधनं यायच्या तयारीत असेल. मागच्या काचा लॉक करायचं बटन ड्रायव्हरकडं असतं, तेपण एकदा बघून ठेवा.

गाडी पाण्यात गेली तर

हा भाग नीट वाचा, आपलं गाव पंचगंगेच्या कडेला आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून नदीत पडली आणि १३ जण गेले. ती रात्र कोल्हापुरात कोण विसरलेलं नाही, आसपासची माणसं अंधारात धावली होती.

गाडी पाण्यात पडली की लगेच बुडत नाही. थोडा वेळ तरंगते, साधारण अर्धा मिनिट ते दोन मिनिटं, आणि मग इंजिनाच्या वजनानं नाक खाली करते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी माणसं आत बसवून खऱ्या गाड्या पाण्यात सोडून हे तपासलंय, आणि त्यांचं सांगणं असं की पहिलं मिनिट तुमचं आहे. त्या मिनिटात फोन करायचा नाही. ११२ ला फोन बाहेर आल्यावर. आधी हे, ह्याच क्रमानं:

१. बेल्ट काढा. सगळ्यांनी, मोठ्यानं ओरडून सांगा.
२. काच खाली घ्या, किल्ली बंद करू नका कारण बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद की काच बंद. पाणी काचेच्या खाली आहे तोवर पॉवर विंडो बहुतेक चालते. नाही चालली तर दुसऱ्यांदा बटन दाबत बसू नका, पंच कोपऱ्यात टेकवा, दुसऱ्या हातानं डोळे झाका, दाबा.
३. मुलं आधी. दोन असतील तर मोठं आधी, कारण ते बाहेर गाडीला धरून थांबू शकतं, मग लहानाला हातात धरून तुम्ही.
४. बाहेर, आणि मग प्रवाहाबरोबर तिरकं काठाकडं.

दार उघडायला जाऊ नका. मीटरभर रुंद दाराला बाहेरनं अर्धा मीटर पाणी लागलं आणि आत पाणी नसेल तर सव्वाशे किलोच्या आसपास दाब त्या दारावर असतो, म्हणजे दोन सिमेंटची पोती आणि वर एक अर्धं. आणि जोर लावून उघडलंच तर पाणी एकदम आत घुसून गाडी काही सेकंदात खाली जाते, मागच्यांना वेळच मिळत नाही. गाडी पूर्ण भरली की दाब सारखा होतो आणि मग दार उघडतं असं बरेच जण सांगतात, ते खरं आहे, पण तोवर छातीत हवा राहायला पाहिजे. काहीच उरलं नाही तर तो शेवटचा मार्ग, त्याची वाट बघत बसायचं नाही.

पाणी काचेच्या मधापर्यंत आलं की काच फ्रेमवर दाबली जाते, मग मोटरला ती खाली ओढता येत नाही. माझी काच चार बोटांवर थांबली ती पाण्यामुळं की जुन्या मोटरमुळं हे मला आजपण माहीत नाही, पण त्यानंतर मी दर महिन्याला चारी काचा खालीवर करून बघतो आणि अडखळली की लगेच दुरुस्त करतो.

आणि पाण्यात घालूच नका, हे माझ्या चुकीवरनं सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पावसाळ्यात निघायच्या आधी आजची पातळी बघायला अर्धा मिनिट लागतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवेच बंद पडला. एक फूट वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या ओढून नेतं. टेम्पो गेला म्हणून आपली कार जाईल असं नाही, त्याचं वजन वेगळं उंची वेगळी.

पलटी आणि आग

गगनबावड्याला जाताना किंवा आंबा घाटात गाडी उलटी झाली तर पहिली चूक म्हणजे लगेच बेल्ट सोडणं. डोक्यावर आपटून मान दुखावते. एक हात छताला रेटून, पाय टेकवून मग बेल्ट सोडा. काच फोडायची गरज असेलच असं नाही, आधी दारं बघा, एखादं उघडतंच. उसाच्या ट्रॉलीला धडकून दारं आवळली गेली असतील तर खिडकी.

धूर दिसला तर गाडी कडेला घेऊन आधी काचा खाली, मग इंजिन बंद, मग बाहेर. हा क्रम उलटा केला आणि वायरिंग जळालं तर काचा वरच राहतात. सामान, कागद, मोबाईल काही नको. लांब जाऊन १०१ नाहीतर ११२ लावा, जखमी असेल तर १०८.

बाहेरनं कोणाला काढत असाल तर आतल्या माणसापासून सगळ्यात लांबची काच फोडा. फुटल्यावर कडेला राहिलेले दाणे टॉवेलनं किंवा पायपुसण्यानं झाडून, तेच कडेवर टाकून मग माणूस ओढा.

ट्रॅव्हल्स आणि एसटी

पुण्या-मुंबईला रात्रीच्या स्लीपरनं जाणारे आपल्यातले रोज शेकडो आहेत. १ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस दाराच्या बाजूवर पडली, दार खाली दाबलं गेलं, आग लागली आणि २५ जण गेले. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. ही बातमी वाचल्यापासून मी बसमध्ये चढलो की झोपायच्या आधी चार गोष्टी बघतो: हातोडी कुठंय आणि खरंच जागेवर आहे का, आपत्कालीन खिडकी कुठली, छतावरचं झाकण कुठंय, आणि माझ्या बर्थपासून तिथवर किती बर्थ आहेत ते मोजून. धुरात दिसत नाही, हातानं मोजत जावं लागतं. हातोडी नसेल तर क्लीनरला विचारा, लाजू नका, आवाज चढवावा लागला तर चढवा. माझा पंच मी बसमध्येपण उशाला घेऊन झोपतो.

एसटीत संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग असं लिहिलेलं असतं, ते लहानपणापासून वाचतोय आपण, पण त्याची कडी कुठल्या बाजूला फिरते ते किती जणांनी बघितलंय? त्या दारापुढं पोतं किंवा ट्रंक ठेवलेली दिसली तर कंडक्टरला सांगून हलवायला लावा. बस आडवी पडली तर वर आलेल्या बाजूच्या खिडक्या हाच रस्ता, सीटच्या दांड्यांवर पाय देत चढायचं. जुन्या बसची समोरची काच रबराच्या पट्टीत बसवलेली असते, दोघा-तिघांनी आतनं दोन्ही पायांनी कोपऱ्यावर रेटली तर ती अख्खी बाहेर पडू शकते, नवीन बसला ती गमनं चिकटवलेली असते त्यामुळं तिथं वेळ घालवू नका.

शेवटचं काम: घरात घोटवून घ्या

तालमीत वस्ताद एकच डाव शंभरदा घोटवून घेतो, कारण मैदानात विचार करायला वेळ नसतो. हे तसंच आहे. आम्ही महिन्यातनं एकदा दारात उभ्या गाडीत बसतो, मी "पाणी" म्हटलं की बेल्ट, काच, पोरगी, बाहेर. पहिल्यांदा दीड मिनिट लागलं, बायको पर्स शोधत होती आणि आईला बेल्टचं लाल बटन सापडेना. आता पस्तीस सेकंदांत सगळे बाहेर असतात. आई मागच्या डाव्या खिडकीतनं निघते कारण तिचा उजवा गुडघा दुखतो, हे आधी माहीत असलं म्हणून तिची बसायची जागापण आम्ही बदलली. तुमच्या घरात कोण कुठं बसतं, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला पोहता येत नाही त्याप्रमाणं खिडक्या वाटून घ्या.

आणि दरवर्षी मिरगाच्या आधी वायपर बदलाल तेव्हाच पंच काढून लाकडाच्या फळीवर दोनदा दाबून बघा, खणखणीत ठोका बसून खड्डा पडला पाहिजे. नाही पडला तर स्प्रिंग गंजली, त्याच दिवशी नवीन आणा.